नातेवाइकांत वाटलेले आजार

माझे डोळे पिवळे झालेत, हे मला पहिल्यांदा शिकवणीला येणाऱ्या नववीतल्या मुलीनं सांगितलं. मी तिला हिंदीतलं स्त्रीलिंग-पुल्लिंग विचारत होते आणि ती उत्तर द्यायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटी ती म्हणाली, "मिस, रागावू नका. तुमचे डोळे हळदीसारखे दिसतात."

विषय बदलू नकोस म्हणून मी तिला आणखी दहा शब्द दिले.

तंजावुरात हिंदी शिकवून आयुष्य काढणं हा तसा खोडसाळपणाच. पण त्यामुळे मला देवनागरी वाचता येते, जी आमच्या राजवाड्याकडच्या गल्ल्यांतल्या मराठी घरांतून आता फार कुणाला येत नाही. घरात मराठी बोलतो, रस्त्यावर तमिळ, आणि चिठ्ठी लिहायची वेळ आली की सगळे तमिळ लिपीच धरतात. मी हे सारं देवनागरीत लिहितेय, त्यामुळे आमच्यापैकी बहुतेकांना ते वाचता येणार नाही. बरंच आहे. पुढे बऱ्याच जणांविषयी लिहायचंय.

डोळ्यांचं ऐकून आमच्या ह्यांनी टॉर्च आणला. हे वीज मंडळातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन मीटर तपासले आणि एकाही घरी कॉफी प्यायले नाहीत, अशी ख्याती. त्यांनी माझ्या एका डोळ्यात उजेड टाकला, मग दुसऱ्या, आणि म्हणाले, "पिवळे आहेत. दोन्ही सारखेच."

आठ-दहा दिवस अंगाला खाज होतीच. तिचा दोष मी नव्या साबणाला दिला होता. आता कावीळ ठरली. शेजारच्या बाईंनी कीळानेल्ली, म्हणजे भुईआवळीचा पाला, मुळासकट उपटून आणून दिला आणि तो मी ताकात वाटून रोज सकाळी प्यायले. चव अशी, की आजार स्वतःहून निघून जावा. गेला नाही. उलट वजन उतरलं, आणि अंबट वरणाचा, म्हणजे आमच्या सांबाराचा, वाससुद्धा नको झाला. अंबट वरण नको म्हटल्यावर मात्र ह्यांनी मला स्कूटरवर बसवलं आणि इस्पितळात नेलं.

तिथं सोनोग्राफी, मग स्कॅन, मग तोंडातून दुर्बीण घालून तुकडा काढणं. डॉक्टरीणबाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान, साडीवर पांढरा कोट, आवाज शांत. तिनं आधी इंग्रजीत सांगितलं, मग तमिळमध्ये: कणैयम. पोटाच्या मागे असतं, त्याच्या डोक्याशी गाठ आहे, ती कॅन्सरची आहे, आणि तिच्यामुळे पित्ताची वाट बंद झालीय.

आमच्या तंजावरी मराठीत ह्या अवयवाला शब्दच नाही. इतक्या पिढ्यांत कुणाला गरज पडली नसावी. संध्याकाळी मी पुण्याच्या एका लांबच्या बहिणीला फोन करून नुसतंच विचारलं, "पॅन्क्रियासला तुम्ही काय म्हणता गे?" ती म्हणाली, "स्वादुपिंड." मला हसू फुटलं. इतकं चविष्ट नाव आणि वागणूक ही अशी! ती घाबरून म्हणाली, "का विचारतेस?" मी म्हटलं, "मुलांना शब्दकोडं देतेय." ती माझी पहिली थाप.

डॉक्टरीणबाईला मी विचारलं होतं, गाठ आहे तर लगेच कापून का टाकत नाही. ती म्हणाली, "मामी, इडली ताटलीला चिकटली असली तर तुम्ही काय करता? ओढलीत तर तुकडे होतात. वरून पाणी शिंपडायचं, कडा सुटू द्यायच्या, मग चमचा घालायचा. तुमची गाठ एका मोठ्या शिरेला टेकलीय. आधी पित्ताची वाट मोकळी करायला नळी बसवू. मग चार महिने केमो, मग साडेपाच आठवडे रेडिएशन. गाठ शिरेपासून सुटली तर ऑपरेशन."

"आणि नाही सुटली तर?"

"तर मी तुम्हाला खरं तेच सांगेन," ती म्हणाली.

मला ती तिथंच आवडली.

ह्यांना मात्र स्कूटर सुरूच करता येईना. किल्ली लावली, काढली, पुन्हा लावली. मी मागे बसून राहिले. मग ते म्हणाले, "अक्काला कळवायला पाहिजे."

अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. ओरत्तनाडूला राहते, शेती बघते, विधवा आहे आणि सगळ्या कुटुंबाचं टेलिफोन एक्स्चेंज आहे. तिला एक गोष्ट सांगितली की ती पापनाशमपर्यंत एका दुपारीत पोचते. मी म्हटलं, "कुणालाही कळवायचं नाही."

त्याला कारण होतं. माझी एक मावशी ह्याच जातीच्या आजारानं गेली. ती अंथरुणावर टक्क जागी, पूर्ण शुद्धीत असायची, आणि भेटायला येणारे तिच्या डोक्यावरून मागे उभ्या असलेल्या मुलाला विचारायचे, "काय खाते? झोप लागते का?" एकदा ती ओरडली होती, "मला विचारा, मी इथंच आहे!" ते मला विसरता येत नव्हतं. मी जिवंत असेपर्यंत प्रश्न मला विचारले गेले पाहिजेत, एवढीच माझी इच्छा होती.

"पण मला खोटं बोलता येत नाही," हे म्हणाले.

"तुम्ही बोलूच नका. कुणी विचारलं तर म्हणा, तिलाच विचारा. आणि फोन माझ्याकडे द्या."

ह्या वाक्यात खोटं काही नव्हतं, म्हणून त्यांनी ते मान्य केलं. आणि मी आजार वाटायला सुरुवात केली. अक्काला थायरॉइड दिला. पापनाशमच्या जाऊबाईंना, म्हणजे ह्यांच्या चुलतभावाच्या बायकोला, पित्ताचे खडे. शाळेतल्या जुन्या सहकारी बाईंना रक्त कमी झाल्याचं सांगितलं, कारण त्यांना त्याहून मोठं काही झेपलं नसतं. प्रत्येकीचा स्वभाव बघून आजार निवडायचा, ह्यात एक मजा होती हे कबूल करायला हवं.

केमो सुरू झालं. दर पंधरा दिवसांनी एक दिवस इस्पितळात सलाइनखाली पडायचं, आणि घरी येताना सोबत एक छोटी बाटली. बाटलीत औषधाचा फुगा, त्याची नळी छातीत कातडीखाली बसवलेल्या बटणाला जोडलेली. दोन दिवस तो फुगा हळूहळू आक्रसत जाई आणि औषध आत जाई. बाटली कमरेच्या कापडी पिशवीत ठेवून मी घरभर फिरत असे, शिकवणीही घेत असे. मुलं विचारायची, "मिस, पिशवीत काय आहे?" मी म्हणायचे, "तुमचे मार्क."

ओकाऱ्या झाल्या. तोंडात फोड आले. एका फेरीनंतर ताप चढला आणि चार दिवस इस्पितळात काढावे लागले. ते गमतीचं नव्हतं आणि मी ते गमतीचं करणारही नाही. गमतीचं होतं ते थंडीचं. औषधांपैकी एकामुळे गार वस्तू सोसेना. गार पाण्याला बोट लागलं की मुंग्या चावल्यासारखं व्हायचं, घोट घेतला तर घसा आवळायचा. महिना चित्रै, म्हणजे ऐन एप्रिल-मे. तंजावुरात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि मी फ्रिज उघडायला लोकरीचे हातमोजे घालत होते. ते ह्यांनी दोन दुकानं पालथी घालून आणले. दुकानदारानं विचारलं, "सर, उटीला जाताय का?" ह्यांनी उत्तर दिलं, "नाही. फ्रिजसाठी."

मग केस गेले. सगळे नाही, पण उशीवर, पोळपाटावर, शिकवणीच्या वह्यांत सापडायला लागले. एका सकाळी मी न्हाव्याला घरी बोलावलं आणि उरलेले काढून टाकले. आरशात बघितलं तर मी माझ्या वडिलांसारखी दिसत होते.

आता थायरॉइडनं किंवा खड्यांनी गोटा होत नाही. पण तमिळनाडूत बाईच्या गोट्याला एक उत्तम कारण तयारच असतं. मी सगळ्यांना सांगितलं, "मारियम्मनला केस द्यायचा नवस होता." झालं. शेजारच्या बाई माझ्या पाया पडल्या. दूधवाला "अम्मा" म्हणत होता तो देवीला म्हणतात तसं "ताये" म्हणायला लागला. आणि अक्काचा ओरत्तनाडूहून फोन आला: "बरं केलींस. माझा प्रसाद ठेव."

प्रसाद! ह्याचा मी विचारच केला नव्हता. ह्यांना म्हटलं, "देवळाबाहेरच्या दुकानातून कुंकवाची पुडी आणि विभूती आणा. कोण ओळखतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हे स्कूटर घेऊन गेले ते दुपारी आले. दारात उभे राहिले तेव्हा मला क्षणभर कोण आलंय ते कळेना. डोक्याचा गोटा, वर चंदन फासलेलं, हातात कडुलिंबाचा पाला, कुंकू, विभूती. मिशीसुद्धा नव्हती. लग्नाच्या दिवसापासून मी ती मिशी बघत आले होते.

"हे काय केलंत?"

"नवस होता म्हणून सगळ्यांना सांगितलंस ना," ते म्हणाले. "मग कुणीतरी फेडायला पाहिजे. देवीचं नाव घेऊन खोटं बोलायचं नसतं." आणि मग चपला काढता काढता, माझ्याकडे न बघता, "आता तो खरा झाला."

मी स्वयंपाकघरात गेले आणि कुकरची शिटी होईपर्यंत तिथंच उभी राहिले. बाहेर आले तेव्हा मी त्यांना म्हटलं की ते उकडलेल्या रताळ्यासारखे दिसताहेत. त्यांनी आरशात बघितलं आणि मान्य केलं.

माझं राज्य बुडालं ते आनी महिन्यात, म्हणजे जून-जुलैच्या सुमारास, पापनाशमच्या लग्नात. जाऊबाईंच्या मुलीचं लग्न. डॉक्टरीणबाई म्हणाली जा, पण गर्दीत मास्क लावा आणि गार काही घेऊ नका. कमरेची बाटली दुसऱ्या दिवशी निघणार होती. मी जाड काठाचं रेशमी पट्टुपुडवं नेसले, बाटली निऱ्यांशेजारी खोचली, डोक्यावरून पदर घेतला आणि निघाले. मांडवात शिरल्या शिरल्या अक्कानं मला पकडलं. उन्हातून आलेली म्हणून हातात बर्फ घातलेल्या रोजमिल्कचा पेला कोंबला. मी नको म्हणायच्या आत बोटांत सुया शिरल्या आणि पेला सुटला. गुलाबी दूध माझ्या साडीवर. ती टिपायला अक्का खाली वाकली, तिचा हात बाटलीला लागला, आणि तिनं नळी बघितली.

"हें काय आहे?"

तेवढ्यात जाऊबाई धावत आल्या. "अय्यो, खड्यांच्या ऑपरेशनची नळी आहे का ती?"

"कसले खडे?" अक्का म्हणाली. "तिला थायरॉइड आहे."

"पित्ताचे खडे आहेत तिला. मला तिनं स्वतः सांगितलं."

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मग अक्कानं भावाकडे बघितलं. हे समोर गोटा केलेलं डोकं घेऊन उभे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तिलाच विचारा."

अक्कानं मला नवरीच्या खोलीत नेलं, नवरीला बाहेर काढलं आणि दाराला कडी घातली. मी सगळं सांगितलं. गाठ, शीर, केमो, पुढचं रेडिएशन, आणि मावशीचंही. ती पलंगावर बसून ऐकत होती. मला वाटलं, आता रडेल आणि मांडवभर होईल.

"तीन महिने," ती म्हणाली, "तीन महिने मी तुला दर शुक्रवारी फोन करून सांगतें, कोबी खाऊं नको, थायरॉइडला वाईट. आणि तूं काय म्हणायचींस? 'बरं अक्का.' कोबी खात होतींस?"

"रोज," मी म्हटलं. "तेवढाच जात होता."

तिनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं हुंदका. पण ती हसत होती. इतकी हसली की बाहेरून नवरी दार ठोठावायला लागली. मग तिनं डोळे पुसले आणि सरळ मला विचारलं, "तूं भितेंस काय?"

माझ्या आजारपणात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "हो."

"मग मी येतें," ती म्हणाली.

आली ती खरंच. रेडिएशन सुरू झालं त्या सोमवारी ओरत्तनाडूच्या बसनं दोन पिशव्या आणि आपली कॉफीची गाळणी घेऊन उतरली. आडी महिनाभर, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आणि पुढेही, शनिवार-रविवार सोडून रोज, आम्ही दोघी ऑटोनं जायचो. पोट रिकामं ठेवायचं, यंत्राखाली निश्चल पडायचं, दहा मिनिटांत सुटका. त्यासोबत सकाळ-संध्याकाळ गोळ्या. नेम बरोबर लागावा म्हणून त्यांनी माझ्या पोटावर तीन ठिपके गोंदवले होते. अक्कानं ते बघितले आणि म्हणाली, "तीनच? चौथा असता तर दारातल्या रांगोळीसारखा कोलम काढतां आला असता." बाकी थकवा असा, की कंगवा उचलायचासुद्धा कंटाळा यावा. कंगव्याचं काम नव्हतं म्हणून बरं.

रेडिएशन संपल्यावर पाच-सहा आठवडे नुसती वाट बघायची. मग स्कॅन झाला. डॉक्टरीणबाईनं पडद्यावर आधीचं आणि आताचं चित्र शेजारी शेजारी ठेवलं. आधी काळी सावली शिरेला चिकटलेली, आता मध्ये बारीक पांढरी रेघ. "सुटलीय," ती म्हणाली. तिला माझ्याहून जास्त आनंद झाला होता. मला एकदम कळलं की आता कापणार आहेत.

ऑपरेशन तिरुचीला होतं. तिथले सर्जन मोठे अबोल. त्यांनी ह्यांना एकच गोष्ट सांगितली: "मी तासाभरात बाहेर आलो तर समजा, काढता येत नाहीये. उशीर झाला तर चांगलं आहे." पुढचं मी अक्काकडून ऐकलं, मी तर गुंगीत होते. सकाळी साडेआठला मला आत नेलं. बाहेर बाकावर भाऊ-बहीण, दोघांची नजर दारावर. ऑपरेशनला उशीर व्हावा म्हणून देवाला आळवणारी इस्पितळात तीच दोन माणसं असतील. साडेनऊला दार उघडलं. हे उभे राहिले. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "पेशंटचा चष्मा कुणाकडे दिलाय? नोंद करायचीय."

अक्का सांगते, आयुष्यात तिनं एवढ्या शिव्या कधी दिल्या नव्हत्या, आणि त्या मराठीत दिल्या म्हणून निभावलं.

सर्जन बाहेर आले दुपारी चारला. स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताशय, आतड्याचा पहिला भाग आणि पोटाचा थोडा तुकडा काढून त्यांनी उरलेलं पुन्हा जोडलं होतं. शुद्धीवर आले तेव्हा माझ्या अंगात इतक्या नळ्या होत्या की मी ह्यांना म्हटलं, "मोटारपंप बसवलाय का?" ते मी बोलले असं हे सांगतात. मला आठवतं ते फक्त दुखणं, आणि कपाळावर अक्काचा खरखरीत तळवा.

एक जोड थोडा झिरपला म्हणून तीन आठवडे तिथंच राहावं लागलं. पहिलं अन्न म्हणजे दोन चमचे पातळ पेज. ती पोटात राहिली की नाही हे बघायला चार माणसं उभी. नंतर अहवाल आला: काढलेल्या गाठीत जिवंत पेशी अगदी थोड्या, कडा स्वच्छ. डॉक्टरीणबाईनं तरी आणखी काही फेऱ्या केमोच्या दिल्या. मी कुरकुरले. ती म्हणाली, "भांडं घासलं तरी तुम्ही पुन्हा विसळताच ना?" तिच्याकडे माझ्यासारख्या बायकांसाठी स्वयंपाकघरातलं काही ना काही तयारच असतं.

ह्याला आता दोन वर्षं होऊन गेली. जेवताना पहिल्या घासाबरोबर मला एक कॅप्सूल घ्यावी लागते, नाहीतर तूप-तेल पचत नाही. साखर वाढलीय, तिचं इंजेक्शन वेगळं. बोटांच्या टोकांना अजून थोडी बधिरता आहे, त्यामुळे तांदळातले खडे हाताला लागत नाहीत आणि ते काम ह्यांच्याकडे गेलंय. "बरी झालात" असं डॉक्टरीणबाई म्हणत नाही. ती म्हणते, "ह्या वेळी काही दिसत नाही. पुढच्या वेळी पुन्हा बघू." मीही लोकांना तेवढंच सांगते. आणि आता लोक मलाच विचारतात. जरा जास्तच. जाऊबाई तर फोनवर आधी विचारतात, "खरं सांगतेस ना?"

मागच्या स्कॅनला आम्ही तिघं गेलो होतो. काही दिसलं नाही. बाहेर पडलो तर रस्त्याच्या कडेला फणसांनी भरलेली गाडी उभी होती. अक्कानं चार फणस ठोकून पाचवा घेतला. हे स्कूटरवरून तो पायांत धरून घरी आले, आम्ही मागून ऑटोत. अंगणात वर्तमानपत्र पसरून, हाताला तेल लावून अक्का कापायला बसली.

"तुला दोन गरे," ती म्हणाली. "साखर आहे."

"चार."

"दोन."

"डॉक्टरीणबाईनं चार म्हटलंय."

अक्कानं विळीवरून मान वर करून भावाकडे बघितलं. हे गरा तोंडात टाकत होते. ते शांतपणे चघळले, आठळी हातावर काढली आणि म्हणाले, "डॉक्टरीणबाईनं फणसाचं काहीच म्हटलेलं नाही."

मला तीन मिळाले.